आईच्या फोनवरचे सहा आकडे

"तुझा पैसा दिसत नाही, मुठीत धरता येत नाही, आणि आज म्हणतेस उघडतसुद्धा नाही," बिजली म्हणाली. "मग तो आहे कशावरून, माय?"

ती माझ्या खाटेवर मांडी घालून लसूण सोलत बसली होती. मी कॉम्प्युटरसमोर. जळगावातली मे महिन्यातली दुपार, वर पत्रा, पंख्याला वारा कमी आणि आवाज जास्त. पडद्यावर एक निळी चौकट आली होती आणि काही केल्या बाजूला सरत नव्हती. मी ती बिजलीला वाचून दाखवली. आजपासून क्रिप्टो एक्सचेंजवरच्या प्रत्येक खातेदाराला दोन टप्प्यांची खात्री सक्तीची आहे. आधी पासवर्ड, मग मोबाइलवर आलेला सहा आकडी कोड. त्याशिवाय खातं उघडणार नाही, काही काढता येणार नाही. हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे.

"चांगलंच आहे की," बिजली म्हणाली. "मी मागं त्या मेल्याला फोनवर ओटीपी सांगून बसले, तर घर धुऊन नेलं माझं. एकापेक्षा दोन कुलपं बरी. टाक कोड."

"कुलपाला माझी कुठं ना आहे? किल्ली कुणाच्या घरी ठेवलीय ते बघ."

"कुणाच्या?"

"कोड जुन्या नंबरावर जातो. दगडूच्या."

बिजलीच्या हातातली पाकळी हातातच राहिली. तिला दगडू ऐकून माहीत होता. दगडू म्हणजे मीच, हौसा व्हायच्या आधीची.

माझं गाव आटपाडीकडचं. माळरान, बोरी-बाभळी आणि घराघरातला एक तरी पुरुष परमुलखात. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्याला जातात, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या. माझ्या थोरल्या भावाचं, शहाजीदादाचं दुकान तमिळनाडूत सेलमला होतं. मिसरूड फुटलं तसं मलाही तिथं भट्टीपुढं बसवलं. सोनं मुशीत वितळताना बघत राहावं असं असतं. अंगावरचं सगळं खोटं जळून जातं आणि तळाला जे उरतं ते लाजत नाही. त्याच भट्टीपुढं बसून मी फोनवर हे क्रिप्टोचं खातं उघडलं होतं. तेव्हा ते लोक फार काही विचारत नव्हते. एक मेल, एक मोबाइल नंबर, झालं.

मग एका सकाळी मी तो फोन दुकानाच्या गल्ल्यावर ठेवला, कुणाला माग लागू नये म्हणून, आणि स्टेशनकडं चालू लागले. दादानं तो गावी नेऊन आईला दिला. हे मला कसं कळलं, तर एकदाच मी दुसऱ्याच्या फोनवरून तो नंबर फिरवला होता. पलीकडून आईचा "हालू" आला. मी ठेवून दिला.

पुढचं मला विट्याच्या एका सराफाकडून कळलं. जळगावच्या सराफ बाजारात तो माझ्याकडून कानातल्यांची नक्षी काढून घ्यायला आला होता. कॉम्प्युटरवर दागिन्यांची नक्षी काढायची, हे माझं पोटापाण्याचं काम. बोलता बोलता म्हणाला, "आमच्याकडं एका पोराचं जितेपणी दहावं घातलं हो बापानं. कुणीतरी त्याला सोलापुरात लुगड्यात बघितलं म्हणून. दर्भाचा पुतळा केला, भावानं अग्नी दिला. गुणी पोरगं होतं." मग मला विचारलं, "बाई, हे फूल जरा मोठं करता येईल का?" मी फूल मोठं केलं.

माझी कागदपत्रं दगडूची आणि तोंड हौसाचं. बँकेत गेले तर काउंटरवरचा माणूस कागद बघायचा, मला बघायचा, मग शेजारच्याला बोलावून दोघं मिळून बघायचे. त्यामुळं परदेशातल्या एका सोनाराचं काम मिळालं आणि त्यानं पैसे क्रिप्टोत देऊ का विचारलं, तेव्हा मला हसूच आलं. जुनं खातं पासवर्डवर उघडलं. तो सोनार नाव विचारत नव्हता, तोंड बघत नव्हता, नक्षी बघायचा आणि कॉइन पाठवायचा. मी पोटाला लागेल तेवढंच काढलं, बाकी तिथंच साठू दिलं. सगळं ऑपरेशनसाठी. त्या पैशातून मला माझं शरीर माझ्या नावावर करून घ्यायचं होतं. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली होती. त्याआधी आगाऊ रक्कम भरायची होती, नाहीतर तारीख दुसऱ्याला.

आणि आता ही निळी चौकट.

कंपनीला लिहून विचारलं तर तिकडून लगेच सभ्य उत्तर आलं. नंबर बदलायचा असेल तर खातं ज्याच्या नावाचं आहे त्यानं आपलं आधारकार्ड हनुवटीखाली धरून फोटो काढून पाठवावा. चेहरा जुळला की जुना नंबर काढून टाकू.

"पाठव की," बिजली म्हणाली.

"कार्डावर दगडू आहे. मिशीसकट."

"मग? तुझं नाक तेच आहे."

"बिजले, त्या दोघांचा एकत्र फोटो या जगात कुठं नाही. तो आणि मी. असा एक फोटो कुठल्याशा कंपनीच्या कपाटात कायमचा पडून राहणार. कोण उघडील, कोण बघेल, उद्या कुणाच्या फोनवर फिरेल. मी घरदार सोडलं ते त्या दोघांना कुणी शेजारी शेजारी उभं करू नये म्हणून."

बिजलीनं लसणाची ताटली खाली ठेवली. "बरं. मग राहिली आई. आण तो फोन इकडं. मी बँकेतली बाई बनते."

"नको."

"गप. मी एकदा एका फौजदाराची बायको होऊन गॅस सिलिंडर आणलाय." तिनं साडीचा पदर सारखा केला, जणू तो फोनमधून दिसणार होता, आणि खाकरली. मी कोड पाठवा हे बटण दाबलं. नंबर सांगितला. तिनं स्पीकर लावला.

"नमस्कार काकू, मी बँकेतून बोलते आहे. आत्ता तुमच्या मोबाइलवर एक कोड आला असेल पहा."

"आलाय," आईचा आवाज म्हणाला. कोरडा, शांत. "आन्?"

"तेवढे सहा आकडे सांगता का काकू? तुमचं खातं सुरक्षित करायचंय."

"बाई, तू बँकेतली न्हाईस."

"अहो, का बरं?"

"बँकेतली बाई इतकं ग्वाड बोलत न्हाई."

फोन कट झाला. बिजली खुदकन हसली आणि मग माझ्याकडं बघून हसू गिळलं तिनं. "हुशार आहे गं तुझी माय," ती हळू म्हणाली. "आता तूच बोल. पण या आवाजात नको. तिच्या ओळखीच्या आवाजात बोल."

माझा हा आवाज मी कष्टानं चढवलेला. आरशापुढं बसून, गाण्यावर गाणी म्हणून, थेंब थेंब वर आणलेला. आता आडात बादली सोडावी तसा तो खाली सोडला. खाली, आणखी खाली. तळाला दगडू अजून होता. मी पुन्हा बटण दाबलं, नंबर लावला.

"हालू."

"आये. मी दगडू."

पलीकडं नुसता वारा. कुठं तरी कोंबडी ओरडत होती.

"दगडू मेला," आई म्हणाली.

"आये, मी जिता हाय."

"आत्ता बाई करून बगितली, आता गडी करून बगा. बचत गटाच्या बैठकीला बँकेच्या म्याडम आल्या व्हत्या. त्यांनी सांगितलंय, ल्योक हाय म्हनला तरी आकडं सांगायचं न्हाईत. आवाज सुदीक चोरत्यात म्हनं. मेल्याचं नाव घेऊन पैकं मागतूस, तुला आई हाय का न्हाई रं?"

"तूच हायस," मी म्हटलं. "नाकाला माझ्या भोक हाय. डावीकडनं."

"गावाला ठावं हाय."

"तू ओवी म्हनायचीस. थोरला माझा लेक, मळ्यातला ऊस. धाकटा माझा दगडू, सावरीचा कापूस."

"ती बी समद्या बाया म्हनत्यात." पण तिनं फोन ठेवला नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेतानं, ती म्हणाली, "नाकात मुरणी, पायात गं वाळा..."

आणि थांबली.

ही ओवी तिनं कुणापुढं कधीच म्हटली नव्हती. चुलीमागं मला पुढ्यात घेऊन, केसांना तेल लावताना, ओठातल्या ओठात म्हणायची. शहाजीदादाच्या पाठीवर तिची दोन पोरं पाचवीच्या आतच गेली होती. मी झाले तेव्हा कुणीतरी सांगितलं, सटवाईची नजर मुलग्यांवर आहे. म्हणून माझं नाव दगडू ठेवलं, देवाला हवासा वाटू नये असं. नाक टोचलं. आणि शाळेत जाईपर्यंत मला परकर नेसवून वाढवलं. घरात आई मला हौसा म्हणायची, सटवाईला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं.

बिजलीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी दुसरी ओळ म्हणायला गेले. दगडूच्या आवाजात ती येईना. त्या ओवीची चाल माझ्या अंगात लहानपणापासून उंचावर बांधलेली, ती खालून कशी लागावी. आवाज आपोआप वर गेला, माझ्या खऱ्या जागी.

"सटवे, पोरगा न्हाई गं, हौसा माझी बाळा."

पलीकडं काहीतरी पडलं. भांडं असावं.

"ह्यो आवाज कुनाचा?" आईनं विचारलं.

"माझाच, आये."

"असा झाला व्हय?"

"व्हय."

"ग्वाड हाय," ती म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. ते तिनं पदरात कोंबलं असावं, कारण मला फक्त कापड चावल्यासारखा आवाज आला. बिजली उठून दारात जाऊन उभी राहिली, रस्त्याकडं तोंड करून.

"जेवतीस का येळेवर?" आई म्हणाली. जेवतीस म्हणाली. तिच्या ध्यानातही नसेल.

"जेवते."

"कुटं हायस?"

"लांब हाय, आये. बरी हाय."

"नगं सांगू. म्या कुनाला सांगंन ह्या भेवानं नगं सांगू. तुज्या बापाच्या तोंडावर माज्यानं खोटं टिकत न्हाई." ती नाक ओढत म्हणाली. "म्या ह्यो नंबर चालू ठिवलाय बग. तुजा बा म्हनतो, एका घरात दोन फोन कशाला. म्हनलं, गटाचा हाय. रिचार्ज संपला की नंबर दुसऱ्याला देत्यात म्हनं. म्हनलं, कवातरी वाजला तर? आन् मी नसंन तर?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"आकडं कशाचं हायत?" तिनंच विचारलं. "मला आकडं येत्यात आता. गटात शिकवलं."

"माझं पैसं हायत, आये. माझ्या कष्टाचं. कुलपात अडकलंत. तुझ्याजवळ आलेल्या आकड्यांनी उघडतंय."

"मग ने की. तुजं तुला." तिचा आवाज एकदम हलका झाला. ती फोन कानापासून लांब धरून बघत असणार. "थांब. ह्यो पयला आकडा..." आणि मग थबकली. "कशाला पायजेत पैसं? घर घेतीस?"

त्या वेळी हो म्हणायचं होतं. बिजली दारातून वळून माझ्याकडं बघत होती आणि डोळ्यांनी तेच सांगत होती, हो म्हण, घर म्हण. पण इतक्या वर्षांनी मी त्या ओवीतून आत शिरले होते, आणि तिथं खोटं बोलायला जागा नव्हती.

"दवाखान्याला, आये. ऑपरेशन करायचं हाय. म्हंजे मग मी पुरती..."

"पुरती काय?"

"हौसा."

कोंबडी गप्प झाली होती. वाराही पडला असावा.

"म्हंजे कायमचं," आई म्हणाली.

"व्हय."

"परत माघारी न्हाई."

"न्हाई, आये. मी आत्ता बी माघारी न्हाई."

ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज म्हातारा झाला होता. काही क्षणांपूर्वीचा तो नव्हता. "दोन प्वारं मातीत घातली म्या. तुला वाचवायचा म्हनून सटवीला फसवाया गेले. माज्या हातानं परकर शिवला, माज्या हातानं नाक टोचलं. तू परकरात हसायचास. लय शोभायचं तुला. मला बी लेक नव्हती, म्हनून शाळंची येळ आली तरी म्या चार रोज जादाच नेसवला. तुज्या बापानं वडून काडला तवा तू किती रडलास. म्या तवाच वळकलं हुतं. म्हनलं, देवाला फसवलं की देव खरं करून दाखवतो."

"आये, तुझ्यामुळं न्हाई झालं हे. परकरानं कुनी पोरगी होत न्हाई. मी हुतेच अशी."

"ते तुला वाटतं."

"मला ठावं हाय."

"तुला तुजं ठावं. मला माजं ठावं." ती थांबली. "एकदा माज्या हातानं तुला प्वारगी केली. त्या पायी तुजं जितेपनी दहावं बगितलं. शहाजी अग्नी देत हुता आन् म्या कडंला उबी हुते, पुतळ्याच्या तोंडाला लोनी लावून. आता पुन्यांदा माज्याच तोंडानं आकडं सांगू, आन् तिकडं तुजं अंग कापतील. न्हाई, बाळा. त्येवडं मला सांगू नगंस."

"आये, तारीख गेली तर..."

"मला बग रडाया येतंय, म्या सांगीन बी कदाचित. म्हनून नगंच इचारू. तुज्या पाया पडते."

आई माझ्या पाया पडते म्हणाली. त्यानंतर माणसानं काय विचारायचं.

कोडची मुदत कधीच संपून गेली असणार. शेवटी तीच म्हणाली, "हितं फोन नगं करू. तुजा बा घरात आसतो, आवाज वळकंल. पर हे आकडं येऊ देत जा."

"कशाला?"

"आकडं आलं की कळंल मला. हाय म्हनून. म्या मिस्कॉल दीन तुला. एक रिंग. म्हंजे म्या बी हाय." आणि घाईनं, कुणाची तरी चाहूल लागल्यासारखी, "ठिवते. नीट ऱ्हा. रातचं भायर हिंडू नगं."

बिजली आत आली, माझ्या हातातून फोन काढून घेऊन बाजूला ठेवला. "सांगितला?" तिनं विचारलं. मी नाही अशी मान हलवली. ती खाटेवर बसली आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. सोललेलाच लसूण परत परत चाचपत होती.

तारीख गेली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून दोनदा फोन आला, मग आला नाही. परदेशातल्या सोनाराला मी सांगितलं की कॉइन नको, आणि त्याला दुसरा रस्ता माहीत नव्हता, म्हणून ते कामही सुटलं. सराफ बाजारातली कामं पोटापुरती. खात्यात सगळं जागच्या जागी होतं. एवढ्या चांगल्या कुलपात की चोरालाही सापडू नये आणि मलाही.

बिजली माझ्या मागं लागली. "अगं, पाठव ना तो आधारचा फोटो. बघू दे त्या मेल्या कंपनीला. पाहिलं तर काय तुझं पुसून जाणार आहे? वय निघून चाललं तुझं."

एकदा मी पाठवायलाही बसले. कार्ड हनुवटीखाली धरलं. मिशीवाला पोरगा आणि मी, दोघं पडद्यात. त्यातलं कोण जास्त घाबरलं होतं ते सांगता येणार नाही. बोट बटणावर होतं. आणि मला ते सभ्य उत्तर आठवलं, की चेहरा जुळला की जुना नंबर काढून टाकू.

मी कार्ड खाली ठेवलं.

"काय झालं?" बिजलीनं विचारलं.

"मग आईकडं कोड जायचा नाही."

बिजलीनं कार्ड उचललं आणि पाकिटात घालून ठेवलं.

मी पासवर्ड टाकायचे. निळी चौकट यायची. मी कोड पाठवा दाबायचे. मग हात मांडीवर ठेवून बसायचे. कधी लगेच, कधी तिन्हीसांजेला, माझा फोन एकदाच वाजायचा आणि गप्प व्हायचा. एवढंच. काही सणावाराला ती दोन रिंगा द्यायची. एकदा मी आजारी होते, पुष्कळ दिवस बटण दाबलं नाही, तर तिचेच मिस कॉल आले, एकामागून एक, पाखरानं काचेवर चोच मारावी तसे. मी तापातच उठून पासवर्ड टाकला. मनात मीच एक ओवी जुळवली होती. ती कुणाला म्हणून दाखवली नाही.

*माळाच्या पल्याड, माझ्या मायेची गं खोप*
*आकडं धाडीते मी, तिला लागू दे गं झोप*

अशी वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात मी बटण दाबलं आणि रिंग आली नाही. दुसऱ्या दिवशी दाबलं. आली नाही. रेंज नसेल, म्हटलं. लाइट नसेल, फोन चार्ज नसेल. रोज एक कारण शोधून काढायचे आणि बटण दाबायचे.

एका दुपारी मी कोड पाठवला आणि फोन वाजला. एक रिंग झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. वाजतच राहिला. नंबर तोच होता. मी उचलला.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज. भट्टीच्या धुरानं आतून खरवडलेला. मी तो कुठंही ओळखला असता. "हॅलो, कोण बोलतंय?"

"आपण?" मी विचारलं.

"मी शहाजी बोलतोय, आटपाडीकडनं. आईच्या फोनमधनं तुमच्या नंबराला लय मिस कॉल गेलेलं दिसलं, म्हणून लावला. तुम्ही आईच्या वळखीच्या का, ताई?"

ताई म्हणाला तो मला.

"हो," मी म्हटलं. "बचत गटाच्या."

"मग तुम्हाला कळलं न्हाई वाटतं. आई गेली. ह्या पावसात गारठली, उठलीच न्हाई. मी सेलमहून यीपर्यंत थांबली बिचारी." त्यानं घसा साफ केला. परक्या बाईपुढं रडू नये म्हणून माणूस करतो तसा. "ताई? आहात का लाइनवर?"

"आहे."

"शेवटाला फोन उशाखालीच असायचा तिच्या. मेसेज वाजला की काढून बघायची, आकड्यांवरनं बोट फिरवायची आन् म्हणायची, हाय बरं. आम्हाला वाटायचं बँकेचं काय तरी असंल. नानांनी, आमच्या वडलांनी, फोन मागितला तरी दिला न्हाई." मग कामाचा स्वर आणत तो म्हणाला, "तेच मेसेज अजून येत्यात बघा. रोज येतोय. आत्ता बी एक आलाय, सहा आकडं. गटाचं काय अडलंय का तुमचं? असलं तर सांगतो. अशी गोष्ट सांगू नये म्हणत्यात, पण आईच्या माणसाला काय."

पडद्यावर चौकट उघडी होती. सहा रिकामी घरं. माझी बोटं कळफलकावर होती आणि ती माझी आहेत असं वाटत नव्हतं.

"सांगा," मी म्हटलं.

त्यानं एकेक आकडा सांगितला. दुकानात वजन सांगायचा तसा, प्रत्येक आकड्यानंतर थांबून, समोरच्यानं टिपलं का याची वाट बघत. मी एकेक टाकला. निळी चौकट सरली. आत सगळं होतं तसं होतं, उलट वाढलं होतं. वर हिरव्या अक्षरांत लिहून आलं की आपलं खातं सुरक्षित आहे.

"झालं का काम, ताई?"

"झालं."

"बरं झालं. आईच्या जिवाला तेवढंच बरं वाटलं असतं." तो जरा घुटमळला. "हिकडं कधी आलासा तर घरी येऊन जावा. आईच्या वळखीचं कुणी आलं की नानांना बी बरं वाटतं. एकटे पडल्यात ते."

"हो," मी म्हटलं.

"मग आता हे सिम बंद करतो मी. आणि काय यायचं न्हाई न्हवं ह्याच्यावर?"

मी पडद्याकडं बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "आता काही यायचं नाही, दादा. करा बंद."